गिटार गप्प, अ‍ॅम्प मात्र बोलतोय

झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडया सुरू होतात, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. वडशाच्या कंपन्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची गावं पालथी घालतात. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला यात्रा भरते, तोवर हा सगळा पसारा चालूच असतो. अशा मुलखात गिटार वाजवणाऱ्या एखाद्या पोराने व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घरीच बांधायला घेतला तर नवल नाही. माळ्यावरच्या जुन्या रेडिओत ईएल८४ निघतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह अजूनही जुन्या मेकॅनिकांच्या डब्यांत सापडतात, आणि ईसीसी८३ तर नवीनही मिळतो. एक ईसीसी८३, एक ईएल८४, दोन ट्रान्स्फॉर्मर, आठ ओहमचा स्पीकर: एवढ्यात पाचेक वॉटचा झकास अ‍ॅम्प होतो.

होतो, पण पहिल्या दिवशी तो गिटारपेक्षा स्वतःच जास्त बोलतो. घूं करतो, करकरतो, शिट्टी मारतो. आणि बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात: दुसरा व्हॉल्व्ह लावून बघतात, मग तिसरा. मला ही सवय पटत नाही. नव्याने बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह क्वचितच दोषी असतो. दोष असतो तो वायर कुठून नेली, अर्थ कुठे जोडला आणि डाग कसा दिला यात. आवाज कोणता आहे आणि कुठून निघतोय हे आधी कानाने ठरवावं, पक्कड नंतर हातात घ्यावी.

त्याआधी जिवाची गोष्ट. या डब्यात २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर ते धरून बसतात. प्लग काढला की मीटर डीसीवर लावून मोठ्या कंडेन्सरचे व्होल्ट बघायचे. उरले असतील तर दहा किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर क्लिपने लावून ते उतरू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्यात मर्दुमकी नाही. त्यात कंडेन्सरही दुखावतो. चालू डब्यात मोजताना एक हात खिशात. पहिल्यांदा चालू करताना मेकॅनिकचा सिरीज बोर्ड वापरावा, साधा साठ किंवा शंभर वॉटचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्स्फॉर्मर त्यात जळू शकतो.

आता आवाज. गिटारची वायर काढा. आवाज थांबला? मग अ‍ॅम्पला दोष देऊ नका. एका कॉइलचा पिकअप असलेली गिटार घरातली वीज अँटेनासारखी पकडते. गिटार घेऊन जागच्या जागी फिरून बघा. एका दिशेला हम वाढतो, दुसऱ्या दिशेला जवळपास मरतो. घरातला सगळ्यात वात्रट शत्रू म्हणजे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा मधल्या स्पीडवर असला की गिटारमधून धारदार झर्रर येते. पंखा पूर्ण स्पीडवर केला किंवा बंद केला की ती जाते. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हरही तेच करतात. यासाठी अ‍ॅम्प उघडायची गरज नाही.

वायर काढूनही आवाज येतोच आहे, तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. या एका बटणाने अ‍ॅम्पचे दोन तुकडे पडतात. शून्यावर आवाज गेला, तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुट सॉकेट आणि ईसीसी८३ चा पहिला अर्धा भाग. शून्यावरही राहिला, तर पुढे शोधा. मग अ‍ॅम्प बंद करून ईसीसी८३ काढून ठेवा आणि पुन्हा चालू करा. तरीही घूं आहे? मग तो ईएल८४, पॉवर सप्लाय किंवा ट्रान्स्फॉर्मर, या तिघांतला एक. चार मिनिटांत अर्ध्याअधिक डब्याची झाडाझडती होते, आणि अजून एकही डाग सोडवलेला नसतो.

घूं म्हणजे हम, आणि हमचा स्वर ओळखणं ही इथली खरी कला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमध्ये दोन्ही अर्धलहरी सरळ झाल्या की तिच्यातली थरथर १०० हर्ट्झ होते. दोन्ही सप्तकाच्या अंतरावर, त्यामुळे कान सहज फसतो. पण हातात गिटार आहेच की. सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबून छेडा. तो ९८ हर्ट्झचा. अ‍ॅम्पची घूं त्याच्या जवळ, किंचित वर चढलेली वाटली तर ती १०० ची. त्याच्या एक सप्तक खाली वाटली तर ५० ची. छोट्या स्पीकरवर ५० चा हम मऊ, फुगीर लागतो. १०० च्या हमला कडा असते. यात्रेत किंवा मंडईत जनरेटरवर अ‍ॅम्प लावला असेल तर ही परीक्षा घेऊ नका. जनरेटर ५० ला चिकटून राहत नाही. मंडपातले दिवे लागले-विझले की हमचा स्वरही सरकतो.

१०० चा असेल तर पहिला संशय फिल्टर कंडेन्सरवर. जुन्या रेडिओतून काढलेला असेल तर संशयही नको, तो बदलाच. आतला ओलावा कधीच सुकलेला असतो. नवीन असेल तर अ‍ॅम्प बंद करून, व्होल्ट उतरवून, त्याच्या समांतर ४५० व्होल्टचा दुसरा ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, प्लस-मायनस बघून, जोडा. हम पडला तर दोषी सापडला. न पडला तर अर्थच्या वायरी बघा. ट्रान्स्फॉर्मरच्या मधल्या टॅपपासून पहिल्या कंडेन्सरच्या मायनसपर्यंत चार्जिंगचा करंट झटक्याझटक्याने वाहतो. ही वायर थेट त्या कंडेन्सरच्या पायावर जायला हवी. ती चॅसिसवर कुठेतरी जोडली आणि जवळच इनपुटचा अर्थही टेकला, तर तेच झटके पहिल्या व्हॉल्व्हला सिग्नल म्हणून दिसतात. दोन व्हॉल्व्ह आमनेसामने असलेल्या मोठ्या अ‍ॅम्पमध्ये सप्लायची थरथर बरीचशी आपोआप कटते. एकाच ईएल८४ च्या अ‍ॅम्पला ती सोय नाही, म्हणून त्याचा सप्लाय जास्त स्वच्छ लागतो.

५० चा हम असेल तर फिलामेंट. दोन्ही व्हॉल्व्हची फिलामेंट ६.३ व्होल्ट एसीवर चालतात, आणि ती वायर ग्रिडच्या अगदी शेजारून जाते. दोन्ही वायरी घट्ट पिळून, चॅसिसच्या कोपऱ्यातून न्याव्यात, आणि ग्रिडच्या वायरीला ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं. त्याहून जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे फिलामेंटच्या वळणाला अर्थच नसणं. मधला टॅप असेल तर तो चॅसिसला. नसेल तर दोन्ही टोकांपासून शंभर-शंभर ओहमचे दोन रेझिस्टर चॅसिसला. वीस रुपयांचं काम, आणि कित्येकदा सगळा हम एवढ्याने जातो.

खात्री करायची असेल तर इमर्जन्सी दिव्यातली ६ व्होल्टची बॅटरी कामी येते. फिलामेंटच्या वायरी ट्रान्स्फॉर्मरवरून सोडवून बॅटरीवर लावायच्या आणि बॅटरीचं एक टोक चॅसिसला. ईसीसी८३ ला ०.३ अँपिअर, ईएल८४ ला ०.७६; बॅटरी तेवढा करंट सहज देते. व्हॉल्व्ह तापून अ‍ॅम्प बोलू लागला आणि ५० चा हम नाहीसा झाला, तर फिलामेंटच दोषी. तसाच राहिला तर दोन शक्यता. रेक्टिफायरचा एक डायोड उघडा पडून अर्धीच लहर सरळ होत असेल. मग व्होल्टही उतरलेले दिसतील. किंवा मेन ट्रान्स्फॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये शिरतंय. त्यासाठी दोघांचे गाभे एकमेकांना काटकोनात बसवायचे. खरं तर ही तपासणी चॅसिसला भोकं पाडण्याआधी करायची: आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या स्पीकरकडच्या टोकांना हेडफोन लावायचा, नुसता मेन ट्रान्स्फॉर्मर चालू करायचा आणि पहिला हाताने फिरवत हम कुठे सगळ्यात कमी होतो ते ऐकायचं. भोकं तिथे पाडायची.

करकर, तडतड, मध्येच आवाज जाणं-येणं, हे वेगळं कुळ. याला बांबूची काडी लागते; या भागात तिची टंचाई नाही. हातभर लांब, वाळलेली, टोक बोथट केलेली. ओली काडी चालू डब्यात घालू नका, ती वीज वाहते. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून एकेक डाग, एकेक रेझिस्टर, एकेक वायर हलकेच टोचत जा. एका ठिकाणी स्पीकर फटकन ओरडेल. तिथला डाग चकचकीत नसून राखाडी, दाणेदार दिसला तर तो कोरडा आहे: जुनं कथील ओढून घ्या आणि नव्याने द्या. ईसीसी८३ च्या काचेवर टिचकी मारल्यावर थोडा टण् आवाज सगळेच करतात. टिचकीनंतर घंटेसारखा घुमत राहिला तर मात्र व्हॉल्व्ह खरंच मायक्रोफोनिक आहे. तो पहिल्या जागेवर नको.

काडीने काहीच सापडलं नाही आणि तळणीसारखी चरचर सतत येते, तर प्लेटचा शंभर किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर बदला. त्या जागी मेटल फिल्म लावा. पावसाळ्यात सुरू होणारी चरचर टॅगबोर्डामुळेही येते. पुठ्ठ्याच्या जातीचा जुना बोर्ड दमट हवेत पाणी पितो आणि ३०० व्होल्ट थोडे थोडे शेजारच्या टॅगवर पाझरतात. असा बोर्ड वाळवून काही उपयोग नाही, काढून टाका. झुरळं आणि मुंग्या हा आणखी एक विषय, पण तो झाडूने सुटतो.

व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते ती दरवेळी पॉटच्या धुळीमुळे नसते. पॉटवर डीसी आलं तरी ती येते, म्हणजे त्याच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर पाझरतोय. तोच प्रकार ईएल८४ च्या ग्रिडवर झाला तर गंभीर. ईएल८४ काढून, अ‍ॅम्प चालू करून, सॉकेटच्या ग्रिडच्या पायावर डीसी मोजा. तिथे शून्य हवं. एक-दोन व्होल्ट जरी आले तरी कंडेन्सर बाद. व्हॉल्व्हची प्लेट लालसर तापू लागली तर विचार करत बसू नका, प्लग काढा. काचेच्या आतल्या बाजूला निळसर चमक दिसते, तिला घाबरू नका. माथ्यावरचा चंदेरी थर दुधासारखा पांढरा झाला तर मात्र आत हवा गेली. तो व्हॉल्व्ह संपला.

चालू करताच कर्कश शिट्टी आली, तर फीडबॅकची वायर सोडून बघा. शिट्टी थांबली की समजायचं, आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या प्लेटकडच्या दोन वायरी उलट्या आहेत. अदलाबदल केली की झालं. ऐकू येण्यापलीकडची शिट्टीही असते: सूर विनाकारण फाटके, आवाज दबलेला. ईएल८४ च्या ग्रिडला, थेट सॉकेटच्या पायावर, दीड-दोन किलोओहमचा रेझिस्टर द्या. जुन्या फटफटीसारखा फट-फट-फट आवाज येत असेल तर मधले सप्लाय कंडेन्सर कमकुवत आहेत आणि पुढच्या व्हॉल्व्हचा झोका सप्लायमधून मागच्याला लागतोय.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे भुताचा स्वर. ४४० चा सूर छेडावा, आणि खाली कुठेतरी ३४० चा, वर ५४० चा बेसूर सोबत यावा. गिटार सुरात, तारा नव्या, तरी असं. सप्लायची १०० हर्ट्झची थरथर सुरात मिसळून हे दोन उपरे स्वर जन्माला घालते. जोरात वाजवलं तरच ते ऐकू येतात, म्हणून शांत अ‍ॅम्प तपासताना निसटतात. उपाय पुन्हा फिल्टर कंडेन्सरच.

आणि कधी अ‍ॅम्प चक्क बातम्या देतो. नागपूर आकाशवाणी ५८५ किलोहर्ट्झवर आहे. लांब, अर्थ नसलेली गिटारची वायर तिला आनंदाने पकडते आणि पहिला व्हॉल्व्ह ती सोडवून ऐकवतो. ईसीसी८३ च्या पहिल्या ग्रिडला ६८ किलोओहमचा रेझिस्टर, तोही सॉकेटला चिकटून द्या. व्हॉल्व्हच्या आतली धारकता आणि हा रेझिस्टर मिळून वीसेक किलोहर्ट्झच्या वरचं बाहेर ठेवतात. गिटारला तेवढी उंची कधीच लागत नाही. तरीही बातम्या चालूच राहिल्या तर इनपुट सॉकेटच्या अर्थचा डाग बघा, आणि दोन पिनांच्या प्लगवर अ‍ॅम्प चालवत असाल तर आधी घराचं अर्थिंग करून घ्या. चॅसिसला खरा अर्थ असणं हे आवाजाच्या आधी जिवासाठी लागतं, आणि हम कमी होतो म्हणून तिसरी पिन कापून टाकायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये.