भुताची उंची किती?

भयपटातल्या भुताची उंची फूटपट्टीने मोजता येते, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? पण ते अगदी खरे आहे. त्यासाठी समरूप त्रिकोण आणि प्रकाशाचे दोन-चार नियम ठाऊक असले म्हणजे पुरे.

भयपट ही काही आजची गोष्ट नव्हे. १८९६ साली जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने ‘सैतानाचा वाडा’ अशा अर्थाच्या नावाचा सुमारे तीन मिनिटांचा मूकपट काढला. त्यात वाड्यात शिरलेल्या वटवाघळाचा क्षणात सैतान होतो. युक्ती साधीच होती. कॅमेरा जागचा न हलवता थांबवायचा, वटवाघूळ काढून तेथे नट उभा करायचा आणि चित्रण पुन्हा सुरू करायचे! शेवटी क्रूस पाहून सैतान पळ काढतो. तीन मिनिटांत लांबलचक कथा सांगायला सवड नसते. तेथे वटवाघूळ, क्रूस ही प्रतीके कामी येतात. गणितातल्या चिन्हांप्रमाणे ती थोडक्यात बरेच सांगतात. आपल्याकडे हेच काम अमावास्या किंवा चिंचेचे झाड करते.

सावली वाढते कशी?

१९२२ च्या ‘नॉस्फेराटू’ या जर्मन मूकपटात जिना चढणाऱ्या पिशाच्चाची नुसती सावलीच दिसते. तरी अंगावर काटा येतो. आता प्रयोगच करा ना! अंधाऱ्या खोलीत भिंतीपासून २०० सेंटिमीटर अंतरावर मोबाइलचा दिवा ठेवा. त्याच्यापुढे २० सेंटिमीटरवर हात उभा धरा. सावली २०० ÷ २०, म्हणजे दहापट होईल. हात १८ सेंटिमीटरचा असेल, तर सावली १८० सेंटिमीटरची, अगदी माणसाएवढी! हात दिव्याकडे आणखी १० सेंटिमीटर सरकवा. सावली ३६० सेंटिमीटर होऊन छतावर चढू लागेल. हात सरकला जेमतेम वीतभराच्या निम्म्याने. ‘भूत’ मात्र दुप्पट झाले!

दिवा लहान हवा, हे ध्यानात ठेवा. लांब ट्यूबलाइटपुढे हात धरलात तर उपच्छाया पसरते आणि सावली विरून जाते.

खालून येणारा प्रकाश

सूर्य वर असतो. त्यामुळे प्रकाश वरूनच येतो, असे आपला मेंदू गृहीत धरतो. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली छायांकित वर्तुळे दाखवून हे स्पष्ट केले. वरची बाजू उजळ असलेले वर्तुळ फुगीर भासते. तेच उलटे केले की खळगा वाटते. आता दिवा हनुवटीखाली धरा. नाकाची सावली वर जाते, एरवी अंधारात राहणाऱ्या जागा उजळतात आणि ओळखीचा चेहरा अनोळखी होतो.

शिवाय दिवा चेहऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर आणि मागची भिंत दिव्यापासून २ मीटरवर असेल, तर भिंत चौपट दूर झाली. व्यस्त वर्गाच्या नियमाने तिच्यावरची प्रकाशतीव्रता सोळावा हिस्साच उरते. चेहरा उजळ, भोवती काळोख!

दिवा मालवल्यावर

डेव्हिड सँडबर्ग या स्वीडिश दिग्दर्शकाने २०१३ साली ‘लाइट्स आउट’ हा तीन मिनिटांहूनही लहान लघुपट काढला. त्यात दिवा मालवला की एक आकृती दिसते. लावला की नाहीशी होते. दिवा लावला की वस्तू दिसते, हा आपला रोजचा अनुभव त्याने नेमका उलटा केला. तेथे दिव्याचे बटण हेच सुरक्षिततेचे प्रतीक बनते. सुरुवातीला त्या आकृतीची नुसती कडाच दिसते. चेहरा आपले मन पुरवते.

अंधाराची भीती अगदीच निराधार मात्र नाही. दिवा गेल्यावर डोळ्यातील दंडपेशींना अंधाराशी पुरते जुळवून घ्यायला सुमारे अर्धा तास लागतो. तोवर खुंटीवरचा सदराही कुणीतरी उभे असल्यासारखा भासतो.

म्हणूनच एक सांगणे. धाकट्या भावंडाला सावली दाखवून घाबरवणे सोपे आहे. तसे करू नका. दिवा त्याच्याच हातात द्या, भिंतीवरचे भूत त्यालाच लहानमोठे करू द्या आणि प्रत्येक वेळी अंतर मोजायला लावा. ज्याने भुताची उंची स्वतः मोजली, त्याला भयपटाची मजा तर येईलच. पण भुताच्या नावाखाली त्याला फसवणे कोणाला सोपे जाणार नाही.