पायाखालची रेव
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

माझ्या आजीला शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही. पण ओहोटीला मालवणच्या खाडीत उतरली, की तिसऱ्या कुठे मिळतील हे ती पायाने ओळखते. दिवाळीच्या सुट्टीत मी प्रकल्पासाठी वाळूचे नमुने गोळा करू लागले, तेव्हा ती हसून म्हणाली, "सगळी रेव एक नसता गो चेडवा. पायाक इचार!" तिच्या या बोलण्याचा अर्थ समजायला मला पुस्तके चाळावी लागली, तो येथे थोडक्यात सांगते.

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्राच्या तळावरील वाळू दोन घराण्यांतली असते. एक जमिनीची: नद्यांनी खडक झिजवून आणलेले कण. दुसरी समुद्राची: शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीवांची कवचे यांचा चुरा. लक्षद्वीपची पांढरी पुळण जवळजवळ सगळी दुसऱ्या घराण्यातली. तेथे पोपटमासा प्रवाळ खरवडून खातो आणि त्याचा चुरा विष्ठेवाटे बाहेर टाकतो, तीही वाळूच! मालवणला दोन्ही घराणी एकत्र नांदतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रयोगशाळेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, की शिंपल्याचे कण फसफसून विरघळतात. गारेचे कण तसेच राहतात.

घराण्याइतकाच कणांचा आकारही महत्त्वाचा. 2 मिलिमीटरपासून मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात. त्याहून बारीक तो गाळ. लाटांचा मारा असतो तेथे बारीक कण टिकत नाहीत, आडोशाला मात्र गाळ साचतो.

आणि तळ जसा, तसे तेथले रहिवासी. भरड वाळूतून पाणी खेळते, प्राणवायू खोलवर पोचतो. चिखलात तो वरच्या पातळ थरापुरताच असतो. खाली काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा थर लागतो. तेथे बिळे करून राहणारे किडे तग धरतात. तिसऱ्या रेवेत रुतून बसतात व नळीने पाणी ओढून त्यातले अन्न गाळून घेतात. गाळ फार झाला तर त्यांचा जीव गुदमरतो. कालवे आणि प्रवाळ यांना टेकायला खडक लागतो. प्रवाळाला शिवाय उजेड हवा, कारण त्याच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले उजेडावर अन्न तयार करतात. म्हणूनच गढूळ पाणी त्याला मानवत नाही.

आता माझ्या बाटल्यांविषयी. आजी हल्ली तिसऱ्या काढते तेथली रेव एका बाटलीत भरली. दुसरीत, पूर्वी ती जेथे टोपली भरून आणीत असे आणि आता जेथे काहीच मिळत नाही, तेथली. दोन्हींत विहिरीचे पाणी घालून हलवल्या. पहिली पाहता पाहता निवळली. दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच होती. आजी ती बाटली हातात धरून बराच वेळ पाहत राहिली. काही बोलली नाही.

हा गाळ डोंगरावरच्या मातीचा, की रेती उपसताना ढवळलेल्या तळाचा? एका बाटलीवरून तसे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यासाठी वर्षभर, दरमहा, ठरलेल्या जागी नमुने घ्यायला हवेत; नळी रुतवून थर पाहायला हवेत; अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून रेव चाळून जीव मोजायला हवेत.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा परिसर धरून 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. मासेमारीवर गदा येईल या भीतीने कोळीबांधवांनी त्याला विरोध केला. मला वाटते, पाण्यावर रेषा आखण्यापूर्वी तळाचा नकाशा हवा, आणि त्या नकाशात पायाने तळ ओळखणाऱ्यांचे ज्ञान नोंदलेले हवे. नाहीतर जपायचे काय आणि कुणासाठी, हेच कळायचे नाही.

भूगोल विभागाला विनंती, की चाळण्यांचा एक संच मिळावा. नोंदवही मी सुरू केली आहे. पहिल्या पानावर आजीने सांगितलेल्या सात जागा आहेत. त्यांतल्या तीन आता रिकाम्या आहेत.