आग्नेय कोपऱ्यातलं दार

बीजिंगच्या जुन्या चौसोपी वाड्याला ‘सिहयुआन’ म्हणतात. त्याचं मुख्य घर दक्षिणेकडे तोंड करून असतं, पण वाड्याचं दार मधोमध नसून बहुधा आग्नेय कोपऱ्यात असतं. फेंग शुईनुसार ती शुभ दिशा. आत पाऊल टाकलं की समोर विटांची आडभिंत, ‘यिंगबी’. दुष्ट शक्ती सरळ रेषेतच चालतात अशी समजूत, म्हणून चौकात जायचं ते वळसा घेऊन. गल्लीतून डोकावणाऱ्याला घरातलं काही दिसत नाही, हा फायदा मात्र समजुतीशिवायही मिळतो! दाराच्या दोन फळ्यांवर थांग राजवटीतले सेनापती छिन शूबाओ आणि युची गोंग द्वारपाल म्हणून उभे. त्यांची चित्रं नववर्षाला बदलतात. उंबरठा चांगला उंच, आणि त्यावर पाय द्यायचा नाही. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

फेंग शुईचा हा विचार वाड्यांपुरताच राहिला नाही. २००५ मध्ये उघडलेल्या हाँगकाँग डिस्नेलँडचं प्रवेशद्वार फेंग शुईच्या सल्ल्यावरून १२ अंशांनी फिरवलं गेलं. रेल्वे स्टेशनकडून येणाऱ्या वाटेलाही बाक दिला, नाहीतर ‘ची’ ही जीवनऊर्जा थेट समुद्रात वाहून जाईल म्हणून.