चांदीच्या जमिनीवरची बाग

सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील श्रीमंत घरांत तळहातावर मावतील असे, साधारण १० ते १५ सेंटिमीटर लांबीरुंदीचे भरतकामाचे बटवे वापरात होते. त्यांत सुगंधी चूर्ण भरून ते कपड्यांमध्ये ठेवले जात, आणि नववर्षाच्या दिवशी राणी पहिल्या एलिझाबेथला दरबाऱ्यांकडून मिळणाऱ्या भेटींतही अशा बटव्यांना स्थान होते.

बटव्याचे कापड तागाचे असे, पण ते डोळ्यांना दिसतच नसे. कारण गुलाब, स्ट्रॉबेरी, पक्षी आणि कीटक रंगीत रेशमाने बारीक तिरप्या टाक्यांत भरल्यावर मधली सगळी जागा चांदीच्या धाग्याने भरून काढली जाई आणि त्यावर सोनेरी धाग्याच्या वळणदार वेली वेणीसारख्या गुंफलेल्या, उठावदार टाक्यांनी चढवल्या जात. एवढ्या लहान वस्तूच्या बहुधा दोन्ही बाजूंवर असे काम केलेले आढळते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

सोनेरी धागाही मुळात चांदीचाच असे. चांदीच्या कांबीला सोन्याचा मुलामा देऊन ती क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढली जाई, तयार झालेली तार चपटी करून रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळली जाई आणि भारतात ज्याला कलाबतू म्हणतात तसा धागा सिद्ध होई. बारीक धागा कापडातून ओवता येत असे. जाड धागा मात्र तसा ओढला तर त्यावरची धातूची पट्टी उलगडते, म्हणून तो पृष्ठभागावर मांडून रेशमाच्या सूक्ष्म टाक्यांनी जखडला जाई.

हे काम लंडनचे व्यावसायिक भरतकार करीत, ज्यांच्या संघाला १५६१ मध्ये राजसनद मिळाली होती. तसेच घरातील स्त्रियाही करीत. फुलापक्ष्यांचे नमुने छापील पुस्तकांतून मिळत. चित्रकार जाक ल मॉइन याने १५८६ मध्ये लंडनमध्ये काढलेला चित्रसंग्रह भरतकारांसाठीही होता. पुढील काळात मुलींच्या शिक्षणातही या कलेला मोठे स्थान मिळाले. मार्था एडलिन या मुलीने १६७१ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, रेशीम व धातूच्या धाग्यांनी भरलेली पेटी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यातील सफाई पाहता या कामाला केवळ घरगुती विरंगुळा मानणे अन्यायाचे ठरेल.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये जुन्या भरतकामातील जर उसवून ती धातूच्या मोलाने विकण्याची टूम उच्चभ्रू वर्गात पसरली, आणि ज्या चांदीमुळे या कलेला तेज आले त्याच चांदीपायी कितीतरी सुंदर वस्तू नष्ट झाल्या. जे बटवे उरले त्यांची जमीन आज करडी दिसते, कारण हवेतील गंधकयुक्त वायूंनी चांदी काळवंडते; ती घासावी तर सोनेरी धाग्यावरील मुलाम्याचा पातळ थर निघून जातो आणि रसायनांनी धुवावी तर शेजारचे रेशीम व त्याचे रंग धोक्यात येतात, म्हणून संग्रहालयांतील तज्ज्ञ ही काळसर छटा बहुधा तशीच राहू देतात.