एका रीट्वीटने खासदारकी गेली! तुर्कीत विरोधी खासदार तुरुंगात कसे पोहोचतात?

फोनवर बातमी दिसली, पटली, शेअर केली. आपण दिवसातून दहा वेळा हे करतो. तुर्कीत ओमर फारूक गेर्गेर्लिओलू यांनीही २०१६ मध्ये तेच केलं. बातमी होती बंदी घातलेल्या पीकेके या कुर्दिश संघटनेच्या निवेदनाची. सरकारने पाऊल उचललं तर शांतता शक्य आहे, असा त्याचा सूर होता. बातमी देणाऱ्या वेबसाईटवर गुन्हा दाखल झाला नाही. शेअर करणाऱ्यावर मात्र झाला आणि ‘दहशतवादी प्रचार’ म्हणून अडीच वर्षांची शिक्षा झाली.

पेशाने डॉक्टर असलेले गेर्गेर्लिओलू २०१८ मध्ये एचडीपी या कुर्दांच्या बाजूच्या पक्षाकडून खासदार झाले. मार्च २०२१ मध्ये त्यांची खासदारकी काढून घेतली. संसद सोडायला त्यांनी नकार दिला, काही दिवस तिथेच मुक्काम ठोकला. शेवटी पोलिसांनी त्यांना संसदेच्या इमारतीतूनच उचललं.

पण खासदारांना अटकेपासून संरक्षण नसतं का?

असतं. तुर्कीच्या राज्यघटनेतलं कलम ८३ सांगतं की संसदेच्या परवानगीशिवाय खासदाराला अटक करता येत नाही, खटलाही चालवता येत नाही. भारतात फौजदारी गुन्ह्यासाठी खासदारांना असं कवच नाही. तुर्कीत ते आहे, म्हणूनच ते काढायचं कसं, यावर तिथलं सगळं राजकारण फिरलं.

याची सुरुवात जून २०१५ च्या निवडणुकीत आहे. तुर्कीत तेव्हा संसदेत यायला किमान १० टक्के मतं लागायची. एचडीपीने जवळपास १३ टक्के घेतली आणि ८० जागा जिंकल्या. राष्ट्राध्यक्ष अर्दोआन यांच्या एके पक्षाचं बहुमत गेलं. सरकार बनलं नाही, नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि बहुमत परत आलं. दरम्यान पीकेकेसोबतची शांतता चर्चाही मोडली होती.

मग २० मे २०१६ रोजी संसदेत एक घटनादुरुस्ती मंजूर झाली. एरवी प्रत्येक खासदाराचं प्रकरण समितीकडे जातं, त्याला बाजू मांडायला मिळते, मग मतदान होतं. या दुरुस्तीने ती पायरीच गाळली. त्या वेळी ज्यांच्याविरोधात फाईल प्रलंबित होती, त्या सगळ्यांचं संरक्षण त्या फाईलपुरतं एका झटक्यात गेलं. कागदावर नियम सर्वपक्षीय होता, सत्ताधारी खासदारही त्यात होते. पण एचडीपीच्या जवळपास सगळ्याच खासदारांवर फायली होत्या.

५५० पैकी ३७६ मतं बाजूने पडली. सत्ताधाऱ्यांकडे एकट्याने इतकी मतं नव्हती. प्रमुख विरोधी पक्ष सीएचपीचे नेते किलिचदारोलू म्हणाले होते की दुरुस्ती घटनाविरोधी आहे, तरी आम्ही ‘हो’ म्हणू. दहशतवाद्यांचे पाठीराखे हा शिक्का नको होता. हा हिशोब महागात पडला. जून २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे खासदार एनिस बेरबेरोलू यांना २५ वर्षांची शिक्षा झाली आणि किलिचदारोलू निषेध म्हणून अंकारा ते इस्तंबूल सुमारे ४५० किलोमीटर चालत गेले.

एचडीपीचा नंबर त्याआधीच लागला होता. जुलै २०१६ मधल्या फसलेल्या लष्करी बंडानंतर आणीबाणी आली आणि ४ नोव्हेंबरला मध्यरात्री पक्षाचे दोन्ही अध्यक्ष, सेलाहत्तिन देमिर्ताश आणि फिगेन युक्सेकदाग, ताब्यात घेतले गेले. देमिर्ताश यांनी २०१८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तुरुंगातून लढवली आणि ८.४ टक्के मतं घेतली.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये निकाल दिला: अटकेमागचा खरा हेतू राजकीय आवाज दाबण्याचा होता, देमिर्ताश यांना सोडा. तुर्कीने सोडलं नाही. इथली युक्ती समजून घ्यायला हवी. २०१९ मध्येच कोर्टाने एका खटल्यात सुटकेचा आदेश दिला होता. पण बाहेर येण्याआधीच दुसऱ्या तपासात त्यांना नवी कोठडी लागली. त्याच प्रकरणात मे २०२४ मध्ये ४२ वर्षांची शिक्षा झाली.

मग कोर्ट काहीच करत नाही का? करतं, कधीकधी. जुलै २०२१ मध्ये तुर्कीच्याच घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर गेर्गेर्लिओलू सुटले आणि संसदेत परतले.

जान अतालाय यांच्या नशिबी ते नव्हतं. हे वकील मे २०२३ मध्ये तुरुंगात असतानाच भूकंपग्रस्त हाताय प्रांतातून निवडून आले. घटनात्मक न्यायालयाने दोनदा त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण दुसऱ्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो मानला नाही, उलट घटनात्मक न्यायाधीशांविरोधातच फौजदारी तक्रार केली! जानेवारी २०२४ मध्ये शिक्षेचा निकाल संसदेत वाचून दाखवला गेला. तुर्कीत तेवढ्याने खासदारकी जाते, मतदान लागत नाही.

ऑगस्टमध्ये यावर विशेष अधिवेशन झालं. अतालाय यांच्या बाजूने बोलणाऱ्या खासदार अहमेत शिक यांना भाषण चालू असतानाच सत्ताधारी खासदाराने मारहाण केली. पाठोपाठ सभागृहात हाणामारी झाली, व्यासपीठाच्या पायऱ्यांवर रक्त सांडलं. अतालाय तुरुंगातच राहिले.