गोंगाटातील प्रार्थना : निवांत वेळ सापडत नाही, ती नेमावी लागते

गोव्यातील ख्रिस्ती घरांत दिवेलागणीच्या घंटेला एके काळी घड्याळाइतकेच महत्त्व होते. ही आमोरीची घंटा. तिचा नाद कानी पडला की रस्त्याने चालणारा मनुष्य जागीच थांबे, हातातले काम बाजूला राही आणि देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचे स्मरण केले जाई. त्यानंतर घरातील मंडळी वेदीपुढे जमून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत. ती संपली की मुले वडीलधाऱ्यांकडून आशीर्वाद घेत. घंटा आजही अनेक गावांत वाजते. मात्र त्याच वेळी रस्त्यावर वाहनांची रांग लागलेली असते, घरात दूरचित्रवाणीवरील मालिका चालू असते आणि हातातील मोबाइल दर काही मिनिटांनी लक्ष वेधून घेतो. राज्यातील सुमारे पाव लोकसंख्या ख्रिस्ती आहे. तिच्यातील अनेकांना भेडसावणारा प्रश्न साधा आहे : प्रार्थनेची इच्छा आहे, पण तिच्यासाठी निवांत वेळ कोठून आणावा?

या प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. पूर्वीचे जग शांत होते, म्हणून पूर्वजांना प्रार्थना साधली, असे अनेकांना वाटते. ख्रिस्ती परंपरेचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूम गावातील एका संध्याकाळचे वर्णन आहे. आजाऱ्यांना घेऊन अवघा गाव दाराशी लोटतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच येशू उठून निर्जन स्थळी प्रार्थनेला जातो. तेथेही शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सर्वजण तुमचा शोध करीत आहेत, असे सांगतात. म्हणजे तो एकांतही अखंड नव्हता. तो गर्दी ओसरल्यावर आपोआप मिळालेला नव्हता. झोपेतून वेळ काढून तो मिळवलेला होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रार्थनेसाठी खोलीत जाऊन दार लावण्याची शिकवण आहे. तेथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द योजला आहे, त्याचा एक अर्थ धान्य-सामान ठेवण्याची आतली कोठी असा होतो. स्वतंत्र देवघर किंवा प्रशस्त दालन त्या शिकवणीत अपेक्षित नाही. दार लावता येईल अशी घरातील एखादी साधी जागा पुरेशी आहे.

बाहेरचा आवाज बंद झाला म्हणजे मन शांत होते, हाही अनुभव नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या साधकांना हे फार लवकर कळले. तेथे ना बाजार होता ना शेजार. तरीही विचारांचा कोलाहल थांबेना. इव्हाग्रियस (३४५–३९९) या साधकाने मनाला छळणाऱ्या अशा आठ विचारांची मांडणी केली. त्यांपैकी एक भर दुपारची अस्वस्थता. या अवस्थेतील साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे हे सूर्यावरून ताडतो, कोणी भेटायला येत आहे का म्हणून वाट न्याहाळतो. दर काही क्षणांनी मोबाइलचा पडदा उजळवून पाहणाऱ्या आजच्या माणसाला हे वर्णन परके वाटणार नाही. साधन नवे असले, तरी चंचलता जुनीच आहे.

यावर मठजीवनाने शोधलेला उपाय म्हणजे ठरलेली वेळ. संत बेनेडिक्ट (सुमारे ४८०–५४७) यांच्या नियमावलीत दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा सामूहिक प्रार्थना सांगितली आहे. मधला वेळ श्रम, वाचन आणि विश्रांतीचा. प्रार्थनेचा संकेत होताच हाती असेल ते काम सोडून निघावे, असा दंडक आहे. काम पूर्ण झाल्यावर प्रार्थना करू, असे म्हणण्याची सोय त्यात ठेवलेली नाही, कारण काम कधीच पूर्ण होत नसते. पुढे घंटेच्या रूपाने हीच शिस्त मठाबाहेरच्या लोकांपर्यंत पोहोचली. १४५६ मध्ये पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी दुपारी घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश दिला. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन घंटांची प्रथा कालांतराने रूढ झाली. गोव्यातील आमोरी ही त्याच परंपरेतील.

मठात न राहणाऱ्या, घरसंसार किंवा नोकरीत अडकलेल्या व्यक्तीचे काय? इंग्लंडमधील सुझाना वेस्ली (१६६९–१७४२) यांनी एकोणीस मुलांना जन्म दिला; त्यांपैकी बरीच लहानपणीच दगावली. भरल्या घरात एकांत मिळत नसे, तेव्हा त्या ॲप्रन डोक्यावरून ओढून घेत आणि आई आता प्रार्थनेत आहे हे मुले ओळखत, असे परंपरेने सांगितले जाते. पॅरिसमधील कार्मेलाइट मठातील ब्रदर लॉरेन्स (१६१४–१६९१) यांनी मुदपाकखान्यात वर्षानुवर्षे काम केले. भांड्यांच्या आवाजात आणि हाकांच्या गडबडीतही ईश्वराचे सान्निध्य अनुभवता येते, ही त्यांची शिकवण आहे. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. जात्याच्या घरघरीत ओवी गाणाऱ्या स्त्रियांनी शांततेची वाट पाहिली नाही. कामाच्या लयीलाच त्यांनी आपल्या बोलण्याची लय केली.

ओवीचा आणि ख्रिस्ती चिंतनाचा संबंध तर गोव्याच्या भूमीतच जुळला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचली आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. हे वाचण्याचे पुस्तक तसेच ऐकण्याचेही. ओवी भरभर वाचून संपवता येत नाही. ती मोठ्याने, ठहराव घेत म्हणावी लागते. पवित्र शास्त्राच्या चिंतनाची जुनी पद्धतही अशीच संथ आहे. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी दुसरे गिगो यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान. चार-पाच ओळींचा उतारा त्यासाठी पुरतो.

ज्यांना दिवसाचा आरंभ साधत नाही, त्यांच्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेले आत्मपरीक्षण उपयोगी पडते. मिळालेल्या कृपेबद्दल आभार मानणे, स्वतःकडे स्वच्छ नजरेने पाहण्याची शक्ती मागणे, दिवसाचा तासवार आढावा घेणे, चुकांची क्षमा मागणे आणि उद्याचा निश्चय करणे, असे त्याचे पाच टप्पे आहेत. रात्री दिवा मालवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटांत ते पूर्ण होते. मुंबईत जन्मलेले जेझुइट अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनी याच्या पुढची गोष्ट सुचवली. कानावर येणारे आवाज शत्रू मानून त्यांच्याशी झगडू नये. ते नुसते ऐकावेत, म्हणजे तेच मन एकाग्र होण्याचे साधन बनते.

या साऱ्यातून घरगुती आचरणाची काही सूत्रे निघतात. वेळ मोजकी असावी, पण रोज तीच असावी. जागा एकच असावी. मोबाइल त्या खोलीतच नसावा. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ बसण्यापेक्षा नेहमीइतकेच बसावे. अधिक सलग मौन हवे असेल, तर रिट्रीटची प्रथा आहे. गजबजलेल्या बागा किनाऱ्यालगतच्या टेकडीवरही जेझुइटांचे रिट्रीट हाऊस आहे.

तरीही केवळ वैयक्तिक शिस्तीने हा प्रश्न सुटत नाही, कारण शांतता ही सामायिक ठेव आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईतील एका चर्चच्या याचिकेवर निकाल देताना, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे स्पष्ट केले. निवांत प्रार्थनेचा आग्रह धरणाऱ्यावर दुसऱ्याची शांतता राखण्याची जबाबदारीही येते.

ही जबाबदारी घराच्या उंबऱ्याच्या आतही आहे. संध्याकाळी इतर मंडळी प्रार्थनेला बसतात, तेव्हा अनेक घरांत एक जण चुलीपाशीच असते. तिचे काम वाटून घेतले, तर तिलाही बसता येईल. ज्या घरात ती दहा मिनिटे सर्वांनी मिळून राखली जातात, तेथे ती कोणालाच चोरून मिळवावी लागत नाहीत.