अँटेनाविना संगणकावर टीव्ही

२ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई दूरदर्शन पाहायचे तर छपरावर अँटेना लागे. वाऱ्याने तो फिरला की पडद्यावर मुंग्या दिसत. संगणकाला अँटेना लागत नाही, कारण तिथे कार्यक्रम इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येतो.

पहिली पायरी चित्रण लहान करण्याची. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात. सगळी जशीच्या तशी पाठवली तर साधी घरगुती जोडणी अपुरी पडेल. म्हणून काही चित्रे पूर्ण पाठवतात, बाकीच्यांतला फक्त बदल. निवेदिकेमागची भिंत तीच राहते, ओठांची हालचाल तेवढी नव्याने येते.

मग काही सेकंदांचा एकेक तुकडा स्पष्ट, मध्यम आणि धूसर अशा वेगवेगळ्या प्रतींत तयार होतो. संगणक इंटरनेटचा वेग पाहून पुढचा तुकडा मागवतो. वेग घसरला की चित्र धूसर होते, पण सहसा थांबत नाही.

आलेले तुकडे संगणक आधी साठवतो. गच्चीवरच्या टाकीमुळे नळाला पाणी अखंड येते, तसेच हे. ही साठवण संपली की मात्र गोल चक्र फिरू लागते.

या साऱ्याला वेळ लागतो. म्हणूनच क्रिकेटचा षटकार शेजारच्या केबलवर आधी दिसतो आणि संगणकावर काही सेकंदांनी.

दूरदर्शनच्या वाहिन्याही आता प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या इंटरनेट सेवेवर पाहता येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील इफ्फी या चित्रपट महोत्सवात तिचा प्रारंभ झाला.